कोण, कुठनं, कुणाला

सिदबा वीरकर माझ्या टेबलापलीकडे दोन हात अंतरावर उभे होते. वाचनालयात तिसरं माणूस नव्हतं. तरीही त्यांनी टाचा जुळवल्या, माझ्या डोक्यावरच्या घड्याळावर नजर रोखली आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "म्हसवडचा सिदबा वीरकर, पहिल्या मजल्यावरच्या नेटवर्क खोलीतनं, ग्रंथपाल मॅडमशी बोलतोय. शिडी पायजे."

"घ्या की," मी म्हटलं.

ते हलले नाहीत.

"घ्या ना. त्या कपाटामागे आहे."

"मॅडम, उत्तर कुणाचं, कुणाला, ते कळलं पायजे."

मी इकडेतिकडे पाहिलं. वाचनालयात अजूनही तिसरं माणूस नव्हतं. शेवटी मी म्हटलं, "वाचनालयातून ग्रंथपाल, वीरकरांना. शिडी घेऊन जा." त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की जणू मी त्यांना शिडी नाही, पेन्शन मंजूर केली.

ही आमची पहिली भेट. आमचं कॉलेज माधवनगरला. सतरा वर्षं फौजेत, निरोप पोचवणाऱ्या सिग्नल तुकडीत काढून हवालदार म्हणून निवृत्त झालेले वीरकर आमच्याकडे कॉम्प्युटरचं जाळं सांभाळायला लागले, तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते. काळेसावळे, ताठ, मिशीला रोज तेल, पँटची इस्त्री अशी की तिच्यावर बोट कापावं. बोलणं मात्र ठार म्हसवडचं. मध्येच एखादा फौजी हिंदी शब्द यायचा आणि पुन्हा गाडी माण तालुक्यात.

"कोण, कुठनं, कुणाला," हा त्यांचा मंत्र. म्हणायचे, "ह्या तीन गोष्टी कळल्या की चौथी, म्हंजे काय, ती आपसूक कळती. लोकं उलटं करत्यात. आधी काय ते बोंबलत्यात, आन् कोण बोंबललं ते कुणालाच ठावं नसतं."

कॅन्टीनच्या शालनताईंना ते खिडकीपाशी उभं राहून सांगायचे, "नेटवर्क खोलीतनं वीरकर, शालनताईंना. एक चहा, साखर कमी." शालनताई आठवडाभर पदराआड हसल्या. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस त्यांचाच आवाज आला, "कॅन्टीनमधनं शालन, वीरकरसाहेबांना. दूध नासलं." वीरकरांनी सलाम ठोकला.

खरी पंचाईत स्टाफरूमची झाली. तिथे कुणी "लोक म्हणतात" असं म्हणून तोंड उघडलं की वीरकर मान वर करायचे. "कोण लोक? नाव काय? ऱ्हातंय कुठं?" अर्थशास्त्राच्या गायकवाड सरांची तर बहुतेक वाक्यं "लोक म्हणतात"नेच सुरू व्हायची. बिचारे महिनाभर चहा नुसताच प्यायचे.

एकदा मोबाइलवर निरोप फिरला की उद्या कॉलेजला सुट्टी. मुलं खूश, निम्मे प्राध्यापकही. वीरकरांनी मात्र वही काढली. हा निरोप तुला कुणी पाठवला, त्याला कुणी, त्याच्या आधी कुणी, असं विचारत दोन दिवस माग काढला. शिपाई महादूमामा, मग ऑफिसातल्या जोशीबाई, मग जोशीबाईंचा भाऊ, भावाचा मित्र, मित्राची मेहुणी, ती आमच्याच कॉलेजात शिकणारी. असे अकरा जण झाले. अकरावा माणूस कॅन्टीनमध्ये भांडी घासणारा. तो म्हणाला, "साहेब, मला कुणी पाठवलं न्हाई. तुमीच तर त्या दिवशी शालनताईंना मोठ्यानं म्हणत होता, उद्या सुट्टी हाय."

वीरकरांना तो दिवस आठवला. त्यांनी विचारलं होतं, "उद्या सुट्टी हाय का?" त्यातला 'का' भांड्यांच्या आवाजात गेला होता.

दुसऱ्याने वही गपचूप मिटली असती. ह्यांनी शेवटच्या ओळीत लिहिलं, 'अफवेचा उगम: सि. वीरकर,' सही केली आणि अकराच्या अकरा जणांना भेटून माफी मागितली. मित्राच्या मेहुणीच्या घरी तर पेढे घेऊन गेले. तिथे लोकांना वाटलं, स्थळ घेऊन आलेत.

तर असा हा माणूस. त्याच्यावर एक प्रसंग गुदरला तो सांगते.

आमच्या कॉलेजात शिक्षण अर्धवट सुटलेल्यांसाठी एक विभाग आहे. घरी बसून अभ्यास करायचा आणि बी. ए. व्हायचं. त्या विभागाचे फॉर्म आणि पुस्तकं माझ्याकडे. त्यांच्या चाचण्याही घरूनच, कॉम्प्युटरवर होतात. चाचणी ज्या मशीनवर असायची ते गर्दी झाली की गुदमरायचं, म्हणून वीरकरांनी दोन मशीन केली आणि दोघांच्या पुढे तिसरं बसवलं. बाहेरून येणारा प्रत्येक जण आधी ह्या पुढच्या मशीनशी बोलायचा आणि ते आतल्या दोघांपैकी जे मोकळं असेल त्याच्याकडे त्याचं बोलणं पोचवायचं. वीरकर त्याला 'दारावरचा' म्हणायचे. तो बसवल्याच्या आनंदात त्यांनी स्वतःला दोन चहा सांगितले.

चाचणीच्या दिवशी दहाव्या मिनिटाला सगळं बंद पडलं. सांगली, मिरज, कराड, सगळीकडचे विद्यार्थी एका झटक्यात बाहेर फेकले गेले. पडद्यावर एकच वाक्य, 'आपला पत्ता थांबवण्यात आला आहे.'

कारण दुपारी सापडलं. उंब्रजच्या जैतुनबी मुल्ला नावाच्या विद्यार्थिनीने पासवर्ड पाच वेळा चुकवला होता. पाच वेळा चुकला की मशीन त्या पत्त्यावरून, म्हणजे त्या कॉम्प्युटरवरून, येणाऱ्याला तासभर आत घेत नाही. हा पहारा सुरक्षेसाठी असतो आणि तसा तो बरोबरच. पण एका बाईच्या चुकीने सगळे का अडकले, हे ऑफिसात कुणी विचारलंच नाही. प्राचार्यांनी त्या बाईंच्या नावाने कडक पत्र काढलं. मुलांनी तिच्यावर विनोद केले. 'उंब्रजच्या म्हातारीनं कॉलेज पाडलं' असा एक निरोपही फिरला.

म्हातारी कसली, एक्कावन्न वर्षांच्या होत्या त्या. मी त्यांना ओळखत होते. नवऱ्याबरोबर बाजाराच्या दिवशी बांगड्या आणि टिकल्या विकायच्या. सातवीत शाळा सुटलेली. दोन्ही मुलींची लग्नं उरकल्यावर बाहेरून दहावी केली, मग बारावी, आणि आता बी. ए. पहिलं वर्ष. सगळे त्यांना चाची म्हणायचे. पुस्तक परत करताना चाची त्याला नवं कव्हर घालून द्यायच्या.

दोन दिवसांनी चाचींचं पत्र आलं. 'माझ्यामुळे पोरांचं नुकसान झालं. माझं नाव काढून टाका.' मी पत्र वाचत होते तेवढ्यात वीरकर आले. टाचा जुळवायला विसरले, इतके अस्वस्थ.

"मॅडम, त्या बाईची काय चूक न्हाई. माझी हाय."

"तुमची कशी?"

"हा माझा दारावरचा. बाहेरनं कुणीबी येऊ दे, आतल्या मशीनला हा स्वतःचाच पत्ता सांगतोय. उंब्रजची चाची आली तरी आत कळतंय, दारावरचा आला. मिरजेचा पोरगा आला तरी दारावरचा आला. चाचीनं पाच येळा चुकवलं, आतल्या दोघांची थांबवायची यादी एकच, त्यांनी दारावरच्यालाच थांबवलं. आन् त्याच्यामागं सगळी दुनिया हुबी." ते माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले. ते बसलेले मी पहिल्यांदाच पाहत होते. "सतरा वर्षं कोण, कुठनं, कुणाला करत आलो. आन् माझ्याच मशीननं कोण ते पुसून टाकलं."

त्यांनी प्राचार्यांकडे जाऊन हे लेखी दिलं. फेरचाचणी तीन आठवड्यांनी ठरली. मग रविवारी आम्ही दोघं एस. टी.ने उंब्रजला गेलो.

चाचींच्या घरात पुढच्या खोलीत बांगड्यांचे खोके छताला लागले होते. त्यांनी चहा केला, खारी दिली, पण पत्र मागे घ्यायला तयार होईनात.

"आवं, मला लाज वाटती," त्या म्हणाल्या. "नात विचारती, नानी, तू कॉलेज पाडलंस व्हय? काय सांगू तिला?"

वीरकर उठून उभे राहिले. "म्हसवडचा सिदबा वीरकर, उंब्रजच्या जैतुनचाचीला सांगतोय. कॉलेज मी पाडलं. तुमी न्हाई."

चाची त्यांच्याकडे बघतच राहिल्या. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "हे कायम असंच बोलत्यात?"

"कायम."

चाची हसल्या. पण बायका हसल्या म्हणजे मानल्या असं नसतं. "पाडलंय तर मग दुरुस्त करा. पुन्यांदा माझ्यापायी कुणी अडकणार न्हाई, असं झालं तर येते. न्हाईतर न्हाई."

परतीच्या गाडीत कराड आल्यावर वीरकरांनी तिकिटाच्या मागे तीन चौकोन काढले. मग म्हणाले, "इलाज हाय मॅडम. ऑपरेटिंग सिस्टीममदीच हाय. दारावरच्यानं आत जाताना स्वतःचा पत्ता सांगायचाच न्हाई. चाची आली तर चाचीचाच पत्ता सांगायचा, जणू चाचीच दारात हुबी हाय."

"मग करा की."

"पर ते दुसऱ्याचं नाव सांगणं झालं. खोटं बोलणं झालं. सिस्टीमसुद्धा कुणालाबी करू देत न्हाई ते, वरच्या माणसाची खास परवानगी लागती. माझ्या हातनं व्हायचं न्हाई."

दोन दिवस त्यांनी त्या मशीनला हात लावला नाही. मला गंमतही वाटत होती आणि रागही येत होता. चाचींचं वर्ष पणाला लागलेलं आणि हे धर्मसंकटात. तिसऱ्या दिवशी मी त्यांच्या खोलीत गेले आणि दारातच उभी राहून म्हटलं, "वाचनालयातून ग्रंथपाल, वीरकरांना. एक प्रश्न आहे. फौजेत साहेबांचा निरोप तुम्ही तारेवरून पुढे सांगायचात, तेव्हा काय म्हणायचात? 'वीरकर म्हणतो पुढे चला' असं?"

"छ्या. साहेबाचा निरोप साहेबाच्याच नावानं जाणार."

"आवाज कुणाचा?"

"माझा."

"मग ते खोटं होतं?"

त्यांनी मिशीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "न्हाई. निरोपात काय मिसळलं असतं तर खोटं. नाव ज्याचं त्याला दिलं, तर खरंच हाय." आणि लगेच स्क्रू ड्रायव्हर उचलला. त्याची तिथे काही गरज नव्हती, पण हातात काहीतरी असल्याशिवाय त्यांना विचार करता येत नसे.

पुढचे दहा दिवस त्या खोलीतून नुसता पंख्याचा आवाज यायचा. दारावरचा आता चाचीचा पत्ता सांगत होता, आतल्या मशीनला तो दिसतही होता. पण उत्तर काही परत पोचत नव्हतं. इकडून हाक जायची, तिकडे ऐकू यायची आणि मग सगळं गप्प. वीरकरांनी जेवण सोडलं नाही, पण डब्यातली भाकरी कशाशी खाल्ली हे त्यांना सांगता येत नसे.

अकराव्या दिवशी चाची सांगलीला बांगड्यांचा माल भरायला आल्या होत्या. राहिलेली दोन पुस्तकं परत करायला त्या माधवनगरला वाचनालयात आल्या, दोन्हींना नवी कव्हरं. वीरकर नेमके शिडी ठेवायला आलेले. त्यांनी चाचींना पाहिलं आणि त्यांचे डोळे चमकले.

"चाची, पाच मिनिटं बसा. मॅडम, पाकिटं हायत? महादूमामा, हिकडं या."

त्यांनी वाचनालयाचं मोठं टेबल मोकळं करायला लावलं. एका टोकाला चाची, उंब्रजला. मध्ये महादूमामा, म्हणजे दारावरचा. दुसऱ्या टोकाला मी आणि माझ्या सहायक शेवाळेबाई, म्हणजे आतली दोन मशीन. वाचायला आलेली चार-पाच मुलं पुस्तकं मिटून बघायला लागली.

"चाची, तुमी कॉलेजला पत्र ल्हिवा. कॉलेज म्हंजे तुमच्या लेखी महादूमामाच. मागं कोण बसलंय ते तुमाला ठावं न्हाई."

चाचींनी कागदावर लिहिलं, 'पेपर द्या.' पाकिटावर 'कडून चाची' घातलं आणि मामांना दिलं.

"आता मामा, दुसरं पाकीट घ्या. त्याच्यावर 'कडून महादू' न्हाई ल्हिवायचं. 'कडून चाची' ल्हिवा. आन् मॅडमला द्या."

मामांनी जीभ बाहेर काढून सावकाश लिहिलं. मला पाकीट मिळालं. मी उत्तर लिहिलं, 'हा घ्या पेपर,' पाकिटावर 'चाचींना' असं घातलं आणि सरळ मामांच्या डोक्यावरून चाचींच्या हातात दिलं.

चाचींनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "हे काय? मी बाईंना पत्र दिलंच न्हाई. मी मामांना दिलं. हे दुसऱ्याच कुणाचं तरी आलंय." आणि त्यांनी ते बाजूला टाकलं.

"बघा!" वीरकरांनी टेबलावर हात मारला. "हेच चाललंय धा दिवस! उत्तर जातंय, आन् घेणारा म्हणतोय हे माझं न्हाई. का? का?"

चाचींनी त्यांच्याकडे लहान मुलाकडे बघावं तसं पाहिलं. "आवं, त्यात काय इतकं? बाई माझं नाव बघून परस्पर मला देत्यात. बाईंना सांगा ना, नाव कुणाचंबी असू द्या, जायचं ते मामांच्याच हातनं. ज्या दारानं आलं त्याच दारानं परत जाऊ दे."

वीरकरांनी खिशातली वही काढली.

मी पुन्हा पाकीट केलं आणि ह्या वेळी मामांना दिलं. मामांनी नाव वाचलं, 'चाचींना,' आणि प्रामाणिकपणे म्हणाले, "हे माझं न्हाई की. चाचीचं हाय." आणि न उघडताच पुढे सरकवलं. चाचींनी ते पुन्हा बाजूला टाकलं. "आतल्या बाईंचंच अक्षर. मामांनी उघडून, आपल्या पाकिटात घालून दिलं तर माझं."

"पर दुसऱ्याचं पाकीट मी कसं उघडू?" मामा म्हणाले. "माझ्या हातनं रोज ढीगभर टपाल जातंय. त्यातलं कुठलं उघडायचं, कुठलं न्हाई, मला काय कळणार?"

चाचींनी पिशवीत हात घातला आणि लाल टिकल्यांचं एक पान काढलं. एक टिकली सोलून पाकिटावर चिकटवली. "ही असली की उघडायचं. नसली की पुढं."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. वीरकर धावत पहिल्या मजल्यावर गेले. शिडी टेबलाला टेकवून तशीच राहिली.

मला त्यातलं फार कळत नाही, पण त्यांनी नंतर सांगितलं ते इतकंच. आतल्या दोन्ही मशीनना बजावलं, बाहेर जाणारं सगळं दारावरच्याच हातात द्यायचं. आणि दारावरच्याला सांगितलं, ज्याच्यावर खूण असेल ते दुसऱ्याच्या नावाचं असलं तरी आपलं समजून उघडायचं. पुस्तकात त्या खुणेला वेगळं नाव आहे. आमच्या कॉलेजात तिला टिकली म्हणतात. वीरकरांनी मशीनच्या कागदपत्रांतही तेच लिहिलंय.

चाचींनी परत केलेली पुस्तकं त्याच पिशवीतून पुन्हा उंब्रजला गेली.

फेरचाचणीच्या दिवशी मी वीरकरांच्या खोलीतच बसले होते. पडद्यावर एकेक पत्ता उमटत होता, प्रत्येकाचा वेगळा. उंब्रज आलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसतं बोट दाखवलं. पंधरा मिनिटांनी फोन वाजला. प्राचार्य होते, घरून.

"वीरकर, पुन्हा बंद पडलं! मला आत जाता येत नाही! पडद्यावर लिहिलंय, पत्ता थांबवला!"

वीरकरांनी पडदा पाहिला. "साहेब, तुमी पासवर्ड किती येळा घातला?"

पलीकडे प्राचार्य खाकरले. "...मी फक्त बघत होतो, चालतंय का ते."

"चालतंय साहेब. तुमच्या एकट्याचं घर थांबलंय. बाकी सगळी ल्हीत हायती. तासाभरानं सुटाल."

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच मला ते पोट धरून हसताना दिसले. संध्याकाळी प्राचार्य स्वतः नेटवर्क खोलीत आले. त्यांनी चाचींना काढलेलं पत्र रद्द केलं आणि दिलगिरीचं दुसरं पत्र स्वतःच्या हाताने लिहिलं. निकाल लागला तेव्हा चाची मराठीत विभागात तिसऱ्या आल्या होत्या. नातीने तो कागद बाजारातल्या बांगड्यांच्या पेटीत काचेच्या आत लावला.

गोष्ट इथे संपली असती तरी चाललं असतं. पण पुढच्या वर्षीचे प्रवेश सुरू झाले आणि एका दुपारी वीरकर आले. टाचा जुळवल्या नाहीत. नाव-गाव सांगितलं नाही. टेबलावरचे फॉर्म उगाच सरळ करत राहिले.

"काय हवंय?" मी विचारलं.

"एक फॉर्म."

"कुणासाठी?"

त्यांनी फॉर्मचा गठ्ठा पुन्हा ठोकून सरळ केला. "माझ्यासाठी. बारावी झालीया फौजेत. बी. ए. करावं म्हणतो. मराठी घेऊन."

मी फॉर्म पुढे केला. घरच्या माणसांच्या रकान्यापाशी त्यांचा पेन थांबला, मग हळूच लिहिलं, 'पत्नी: सौ. पार्वती, प्राथमिक शिक्षिका, म्हसवड.' तीन वर्षं ते आमच्यात होते. माधवनगरात एका खोलीत एकटे राहायचे. त्यांचं लग्न झालंय हे आमच्यातल्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

"भांडण न्हाई हो काय," मी विचारायच्या आधीच ते म्हणाले. "लय भली बाई हाय. लग्न झालं तवा ती बारावी, मी दहावी. मी सीमेवर. ती तिकडं शिकत ऱ्हायली. मास्तरीण झाली, बी. ए. झाली, मराठी घेऊन. मी वर्षातनं महिनाभर जायचो, तो महिना पाव्हण्यावानी सरायचा. निवृत्त होऊन घरी गेलो, तर बोलायला काय न्हाई. जेवलीस का, जेवले. पाऊस? न्हाई. झालं. तीन गोष्टी झाल्या की माझं संपतं. ती संध्याकाळी पुस्तक घेऊन बसायची, मदीच हसायची. काय झालं, विचारलं तर सांगायची. मला हसू यायचं न्हाई, आन् तिला वाईट वाटायचं. म्हणून ही नोकरी धरली. लांबनं बरं चालतं."

मी फॉर्म पुन्हा त्यांच्याकडे सरकवला.

"त्या चाचीला पाह्यलं," ते म्हणाले. "एक्कावन्नाव्या वर्षी. मी तर शेहेचाळीसचा हाय. म्हटलं, तिनं जे वाचलं ते आपुन वाचावं. मग आपल्याला पण मदीच हसायला येईल."

अर्ज भरला. चाची दुसऱ्या वर्षाला, हे पहिल्या वर्षाला. चाचींनी आपली गेल्या वर्षीची पुस्तकं त्यांना दिली, अर्थातच कव्हरं घालून, आणि रविवारी उंब्रजला शिकवणीही. वीरकर भाकरी बांधून जायचे. चाची सांगायच्या, "हुशार हायत. पर धड्यातला एखादा माणूस 'लोक म्हणतात' म्हणाला की अडकत्यात. पुढं जाईनातच."

दिवाळीच्या सुट्टीआधीच्या शनिवारी एक बाई वाचनालयात आल्या. साधी सुती साडी, खांद्याला शाळेची पिशवी, चष्मा. म्हणाल्या, "मी पार्वती वीरकर. यांना सुट्टीला घरी न्यायला आलेय. म्हटलं, कुठं बसून अभ्यास करतात ते तरी बघावं."

वीरकर त्यांच्यामागे उभे होते. इस्त्री जागेवर, चेहरा मात्र परीक्षेला बसल्यासारखा. मी त्यांना खिडकीपाशचं टेबल दाखवलं. दोघं समोरासमोर बसले. पार्वतीबाईंनी त्यांचं पुस्तक उघडलं, पानं चाळली, एका कथेवर थांबल्या.

"ही आवडली?"

"न्हाई," वीरकर म्हणाले. "त्यातली ती बाई घर सोडून जाती ते मला पटलं न्हाई. तिनं आधी सांगायला पायजे हुतं."

"कुणाला सांगायला? ऐकणारं कोण होतं तिथं?"

"नवरा हुता की."

"तो ऐकत होता?"

वीरकर पुस्तकात बघत राहिले. पान उलटलं, परत मागे आले. "न्हाई," ते म्हणाले. "मला ते दिसलंच नव्हतं. पर शेवटाला तो दार उघडं ठेवतोय, ते कशापायी?"

"ते मला अजून नीट कळलेलं नाही," पार्वतीबाई म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला, खुर्ची टेबलाच्या कडेने ओढून त्यांच्या शेजारी घेतली आणि पुस्तक दोघांच्या मध्ये सरकवलं. "परत वाचू. तुम्ही वाचा, मी ऐकते."

वीरकर वाचायला लागले. एकेक शब्द ठासून, कवायतीसारखं. थोड्या वेळाने कुठल्यातरी ओळीवर ते अडखळले आणि दोघंही एकदम हसले.

शनिवारी वाचनालय पाचला बंद होतं. पाच वाजले तशी मी खिडक्या लावायला उठले, एक लावली, आणि परत येऊन जागेवर बसले.